जुने ग्राफिक्स कार्ड : कोणते, कितीला आणि किती दिवसांसाठी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



परीक्षा संपल्या, की अनेक घरांत एक मागणी हमखास पुढे येते. घरात संगणक असतो, पण त्यावर मुलाला हवे ते गेम चालत नाहीत. मुलगा सांगतो, यात ग्राफिक्स कार्ड बसवावे लागेल. नव्या कार्डाची किंमत ऐकून वडील गप्प होतात. मग मुलगाच तोडगा सुचवतो, "बाबा, जुने घेऊ." जुन्या बाजारात विचारणा केली, की दोन नावे पुन्हा पुन्हा कानांवर पडतात. एक, एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स जीटीएक्स १०६० आणि दुसरे, एएमडी कंपनीचे रेडिऑन आरएक्स ५८०. या दोघांत कोणते घ्यावे, असा प्रश्न आमच्या कोपरीतच नव्हे, तर कळव्यापासून डोंबिवलीपर्यंत मला ऐकू येतो. आज त्याचे उत्तर शोधू या. मात्र हे उत्तर केवळ वेगाच्या आकड्यांत सापडणार नाही, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

प्रथम हे कार्ड करते काय, ते पाहू. आपल्या नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. गेममध्ये हे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे असेल, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो. पण तो कचेरीतल्या एखाद्या अनुभवी हेडक्लार्कसारखा. अवघड कामे तो झटपट करील, मात्र एकच सोपे काम कोट्यवधी वेळा करायला बसवले तर त्याची दमछाक होते. ग्राफिक्स कार्डात याउलट शेकडो-हजारो साधे कामगार एकाच वेळी तेच काम करत असतात. सेकंदाला किती चित्रे तयार होतात, त्याला फ्रेम्स म्हणतात. फ्रेम्स तिसाच्या खाली गेल्या, की खेळ अडखळतो. साठ मिळाल्या, की बहुतेकांचे समाधान होते.

आता या दोन कार्डांची ओळख. जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये बाजारात आले. त्याच्या ६ जीबीच्या आवृत्तीत १,२८० कोअर, म्हणजे आपल्या भाषेत तेवढे कामगार, आहेत आणि त्याचा वीजवापर १२० वॅट आहे. कंपनीने त्याची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत २४९ डॉलर ठेवली होती. आरएक्स ५८० एप्रिल २०१७ मध्ये आले. त्यात २,३०४ कोअर, ८ जीबी मेमरी आणि १८५ वॅटचा वीजवापर. किंमत २२९ डॉलर. स्टीम या गेम विकणाऱ्या सेवेच्या ग्राहकपाहणीत १०६० अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर होते. दोन्ही कार्डे मध्यमवर्गीय खिशासाठी काढलेली, दोन्ही अमाप खपलेली. म्हणून आज जुन्या बाजारात तीच जास्त दिसतात.

कोअरचे आकडे ऐकून कोणी म्हणेल, २,३०४ कुठे आणि १,२८० कुठे! तर तसे नाही. दोन कंपन्यांच्या कामगारांची काम करण्याची पद्धत निराळी आहे. प्रत्यक्षात फुल एचडी मॉनिटरवर दोघांच्या वेगात सरासरी फरक दहा टक्क्यांच्या आतबाहेरच राहतो. फरक पडतो तो कोणता गेम यावर. २०१५-१६ च्या सुमाराचे, डायरेक्टएक्स ११ या पद्धतीने चालणारे गेम १०६० वर अनेकदा किंचित सरस चालतात. डायरेक्टएक्स १२ किंवा व्हल्कन या नंतरच्या पद्धतींचे बरेच गेम ५८० वर बरे चालतात. २०१९ मध्ये संगणकावर आलेला 'रेड डेड रिडेम्प्शन २' हे त्याचे उदाहरण. 'व्हॅलोरंट'सारखा हलका खेळ तर दोन्हींवर सेकंदाला शंभराहून अधिक फ्रेम्स सहज देतो. आपला मॉनिटर साठ हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला साठच चित्रे दाखवू शकतो. मग एका कार्डाने एकशे वीस दिल्या काय आणि दुसऱ्याने एकशे तीस दिल्या काय, पाहणाऱ्याला त्यातला फरक दिसत नाही.

मेमरीचा फरक मात्र दिसतो. अलीकडच्या गेममध्ये भिंती, रस्ते, चेहरे यांची चित्रे फार मोठ्या आकाराची असतात. ती कार्डाच्या मेमरीत मावली नाहीत, की संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागतात आणि ऐन मोक्याच्या क्षणी खेळाला झटका बसतो. इथे ५८० च्या ८ जीबीचा खरा उपयोग होतो. चित्रांचा दर्जा एक पायरी वर ठेवता येतो.

पण गेमपलीकडे पाहिले तर पारडे १०६० कडे झुकते. मुलाला किंवा मुलीला ॲनिमेशन शिकायचे असेल आणि त्यासाठी 'ब्लेंडर' हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर वापरायचे असेल, तर हे नीट ऐका. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ब्लेंडरच्या ३.० आवृत्तीपासून त्यातले सायकल्स हे रेंडरिंगचे साधन आरएक्स ५८० चा उपयोग करून घेत नाही. सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. १०६० मध्ये एनव्हिडियाची कूडा ही व्यवस्था असल्याने त्यानंतरच्या अनेक आवृत्त्यांत ते काम कार्डावर करता आले. गेमसाठी म्हणून घेतलेले कार्ड पुढे अभ्यासालाही लागणार असेल, तर ही बाब वेगाच्या पाच टक्क्यांहून मोठी आहे.

आता विजेचे बघू. दोन्ही कार्डांच्या वीजवापरात कागदोपत्री ६५ वॅटचा फरक आहे. रोज दोन तास खेळ धरला, तर महिन्याचे साठ तास होतात. म्हणजे सुमारे चार युनिट. सगळे आकार धरून युनिटमागे दहा रुपये पडतात असे समजू. महावितरणच्या बिलात महिन्याला चाळीस रुपये वाढतील, तीन वर्षांत साधारण चौदाशे. ही रक्कम मोठी नाही. पण दोन कार्डांच्या किमतीत पाचशे-हजारांचा फरक पाहून आपण निर्णय घेणार असू, तर ती विसरून चालणार नाही.

वीजबिलापेक्षा एसएमपीएसचा, म्हणजे कॅबिनेटमध्ये बसवलेल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. १०६० साठी कंपनीने ४०० वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे आणि त्याच्या बहुतेक कार्डांना सहा पिनचा एक कनेक्टर पुरतो. ५८० ला ५०० वॅटचा सुचवला आहे. त्याला आठ पिनचा कनेक्टर लागतो, काही कार्डांना त्याशिवाय आणखी सहा पिनचा लागतो. काही उत्पादकांची जादा वेग दिलेली ५८० कार्डे तर २०० वॅटच्याही पुढे जातात. आपल्याकडे बऱ्याच घरांत कचेऱ्यांतून निघालेले, दुरुस्त करून विकलेले संगणक असतात. ते मजबूत असतात, पण त्यांचा एसएमपीएस अनेकदा तीनशे वॅटच्या आतला असतो, त्याला हे कनेक्टरच नसतात आणि तो बदलायचा तर बाजारातला नेहमीचा डबा त्यात बसत नाही. कार्ड घरी आणल्यावर हे कळले, तर पैसे अडकतात. म्हणून खरेदीआधी कॅबिनेट उघडा, एसएमपीएसवरचे लेबल वाचा, कनेक्टर मोजा आणि कार्ड बसेल एवढी लांबी आत आहे का, ते फूटपट्टीने पाहा.

उष्णतेचाही विचार हवा. कार्ड जेवढी वीज घेते, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच राहते. मे महिन्यात कोपरीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, खिडकी लावून, १८५ वॅटची शेगडी दोन तास पेटवून बसल्यासारखे ते असते. त्यातून आपली हवा खाडीकाठची. कोपरीतल्या मीठबंदर रस्त्याचे नावच खाऱ्या पाण्याशी असलेले आपले नाते सांगते. दमट हवेत धूळ चिकट होते, कार्डाच्या पंख्यामागच्या जाळीत तिचा थर बसतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. आपल्या भागात वर्षानुवर्षे वापरलेल्या कार्डाची मागची पट्टी आणि स्क्रू नीट पाहावेत. त्यांवर गंज असेल, तर आतल्या भागांनीही तोच पावसाळा सोसला आहे असे समजावे.

इथपर्यंतची तुलना अस्सल कार्डांची झाली. जुन्या बाजारात एकाच नावाखाली वेगवेगळा माल असतो आणि नवखा माणूस फसतो तो इथेच. जीटीएक्स १०६० ची ३ जीबीची आवृत्तीही निघाली होती. तिच्यात केवळ मेमरी निम्मी आहे असे नाही. कोअरही १,२८० ऐवजी १,१५२ आहेत. आजच्या गेमला ३ जीबी फारच तोकडी पडते, म्हणून ती आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी टाळावी. आरएक्स ५८० मध्येही ४ जीबीची आवृत्ती आहे. शिवाय २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी 'आरएक्स ५८० २०४८ एसपी' नावाचे कार्ड निघाले. त्यात २,३०४ नव्हे, तर २,०४८ कोअर आहेत. म्हणजे ते प्रत्यक्षात खालच्या पायरीचे आरएक्स ५७०. खोक्यावर ठळक अक्षरांत ५८० असते आणि पुढचा आकडा नजरेतून सुटतो. याहून वाईट म्हणजे, कितीतरी जुन्या कार्डातली अंतर्गत माहिती बदलून ते १०६० म्हणून विकण्याचेही प्रकार झाले आहेत.

यावर उपाय सोपा आणि फुकट आहे. 'जीपीयू-झेड' नावाचा छोटा प्रोग्राम विक्रेत्यासमोर चालवून बघावा. त्यात शेडर्स या शब्दापुढे आकडा दिसतो. १०६० साठी तो १२८० हवा आणि ५८० साठी २३०४ हवा. एनव्हिडियाचे बनावट कार्ड असेल, तर २०१८ पासूनच्या आवृत्त्या तशी सूचनाही देतात. एवढी तपासणी करायला पाच मिनिटे पुरतात. जो विक्रेता पाच मिनिटे द्यायला तयार नाही, त्याच्याकडून कार्ड घेऊ नये.

दुसरी शंका असते मायनिंगची. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये इथर या आभासी चलनाच्या मागे लोक लागले होते. ते मिळवण्यासाठी एकेका खोलीत डझनावारी ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस चालवली जात. त्या काळात नव्या कार्डांच्या किमती भडकल्या आणि सामान्य ग्राहकाला ती मिळेनाशी झाली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथरची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि ही वापरलेली कार्डे जगभरच्या जुन्या बाजारांत ओतली गेली. गंमत अशी, की ४ जीबीची कार्डे २०२० च्या अखेरीसच या कामाला अपुरी पडू लागली होती. म्हणजे आपल्याला हवे असलेले ८ जीबीचे ५८० हेच या घाण्याला अधिक काळ जुंपलेले असण्याचा संभव आहे. १०६० देखील त्यातून सुटलेले नाही.

मायनिंगचे कार्ड म्हणजे निकामी कार्ड, असे मात्र समजू नये. सतत एकाच तापमानात चालल्याने मुख्य चिपचे फारसे बिघडत नाही. झिजतात ते पंखे. चिपवरची उष्णतावाहक पेस्ट आणि मेमरीवरच्या पट्ट्या सुकतात. पेस्ट बदलणे आणि पंखा बदलणे ही किरकोळ दुरुस्ती आहे. मेमरी खराब झाली असेल, तर मात्र ती दुरुस्ती परवडत नाही. काही मंडळी मायनिंगसाठी कार्डाची बायॉस, म्हणजे त्याच्या पोटातला मूळ प्रोग्राम, बदलून ठेवतात. अशा कार्डावर गेम मध्येच बंद पडू शकतात. तेव्हा 'फरमार्क'सारखी ताण देणारी चाचणी किंवा एखादा जड गेम पंधरा-वीस मिनिटे चालवून बघावा. पडद्यावर रंगीत चौकोन किंवा रेघा चमकल्या, तापमान नव्वदीकडे धावू लागले किंवा पंखा खरखरला, तर नमस्कार करून उठावे.

खरेदीसाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, प्रसिद्ध आहे. ठाण्याहून दादर आणि तिथून गाडी बदलून ग्रँट रोड, असा सरळ प्रवास. दुकानातून घेतले तर थोडे जास्त पैसे पडतात, पण बिल मिळते आणि ठरावीक दिवसांची हमी मागता येते. मोबाइलवरची जाहिरात पाहून अनोळखी माणसाकडून घेतले तर स्वस्त पडते, पण हमी उरत नाही. अशा व्यवहारात आगाऊ पैसे पाठवू नयेत. कार्ड चालत्या संगणकात बघून मगच पैसे द्यावेत.

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. ग्राफिक्स कार्डाला काम करण्यासाठी ड्रायव्हर नावाचे सॉफ्टवेअर लागते आणि नवा गेम आला, की कंपन्या त्यात सुधारणा करतात. एएमडीने २०२३ मध्ये आरएक्स ५८० ची पिढी नेहमीच्या सुधारणांतून बाजूला काढली. आता तिला गरजेपुरत्याच दुरुस्त्या मिळतात. एनव्हिडियाने १०६० च्या पिढीसाठी नव्या गेमचा शेवटचा ड्रायव्हर २०२५ मध्ये दिला. त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील असे तिने जाहीर केले आहे. म्हणजे दोन्ही कार्डे सेवानिवृत्त झाली आहेत. आज चालणारे गेम उद्याही चालतील. पण नवा गेम अडखळला, तर त्याची दाद घेणारे कोणी नसेल.

शिवाय काही गेम यांच्यावर सुरूच होत नाहीत. प्रकाशाचा प्रत्येक किरण कुठे आदळेल याचा हिशेब मांडण्याच्या पद्धतीला रे ट्रेसिंग म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ मध्ये आलेला 'डूम : द डार्क एजेस' यांना त्यासाठीची खास सोय कार्डातच असावी लागते. १०६० मध्ये ती नाही आणि ५८० मध्येही नाही. असे गेम पुढे वाढत जाणार. मुलाने मनात धरलेला गेम या यादीत असेल, तर सहा हजार काय आणि तीन हजार काय, सगळे वायाच.

म्हणून किंमत ठरवताना माझा हिशेब वेगळा आहे. कार्डाच्या किमतीला ते आणखी किती वर्षे आपल्या कामाचे राहील, त्या आकड्याने भागावे. समजा, जुने कार्ड सहा हजारांना मिळाले आणि दोन वर्षे चालले, तर वर्षाला तीन हजार पडले. समजा, आजच्या पहिल्या पायरीचे नवे कार्ड अठरा हजारांना मिळाले आणि सहा वर्षे चालले, तर तेही वर्षाला तीन हजारच. नव्याबरोबर वॉरंटी येते, ड्रायव्हर येतात. उदाहरणार्थ, २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड या दोघांच्या जवळपासचे किंवा थोडे अधिकच काम ७० वॅटमध्ये करते. बहुधा त्याला वेगळा कनेक्टरही लागत नाही. आणि जुन्या कार्डासाठी तीन हजारांचा एसएमपीएस घ्यावा लागला, तर स्वस्ताईचा निम्मा मुद्दा तिथेच संपतो.

अर्थात, वर्षाचा हिशेब सारखा आला तरी सगळ्यांच्या हातात एकदम अठरा हजार नसतात. ज्या घरात शाळेची फी आणि घरभाडे आधी येते, तिथे चार-सहा हजारांत मुलाला दोन वर्षे मित्रांबरोबर खेळता येणे ही लहान गोष्ट नव्हे. जुने कार्ड घेण्यात कमीपणा नाही. ते काय देईल आणि काय देणार नाही, हे बापलेकांनी पैसे मोजण्यापूर्वी एकत्र बसून बोलायला हवे, एवढेच.

तर मूळ प्रश्नाचे उत्तर. कॅबिनेट लहान, एसएमपीएस साधा, खोली तापणारी, खेळ हलके किंवा जुने आणि जोडीला ॲनिमेशन शिकण्याची इच्छा असेल, तर १०६० घ्यावे. मात्र ६ जीबीचेच. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा आणि पाचशे वॅटचा असेल, कॅबिनेटमध्ये हवा खेळत असेल आणि २०१८ ते २०२२ च्या काळातले मोठे गेम खेळायचे असतील, तर ५८० घ्यावे; मात्र ८ जीबीचे आणि २,३०४ कोअरचेच. दोन्ही सारख्या किमतीला समोर आली, तर नाव बाजूला ठेवावे आणि ज्या कार्डाने समोर वीस मिनिटे खळखळ न करता काम करून दाखवले, ते उचलावे. आणि मुलाच्या यादीत गेल्या दोन वर्षांतले गेमच जास्त असतील, तर आज दोन्ही सोडून द्यावीत आणि दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकावेत.

शेवटी मुलांना एक काम सांगतो. कार्ड मागण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा : आपल्या एसएमपीएसचे वॅट, मॉनिटरचे हर्ट्झ आणि खरोखर खेळायच्या पाच गेमची नावे. तो कागद बाबांच्या किंवा आईच्या हातात द्या. कोणते कार्ड घ्यायचे, हे त्या कागदावरूनच बरेचसे ठरेल आणि घरातल्यांनाही कळेल, की हा नुसता हट्ट नाही, यामागे विचार आहे.